नावाचे मग, नावाचे बटवे: घरच्या कामाच्या नोंदी (ठाणे, जून २०२४ ते फेब्रुवारी २०२५)

१ जून २०२४, शनिवार

आजपासून कामाची वही. सव्वीस वर्षं डीटीपी केलं, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर जुळवला. लग्नपत्रिका, वास्तुशांती, शाळांचे अहवाल, दशक्रियाविधीची कार्डं, सोसायट्यांच्या नोटिसा. मार्चअखेर आमची प्रेस (छापखाना) बंद झाली. मालकांनी हिशेब चोख केला, त्याबद्दल तक्रार नाही. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी नवीन नोकरीसाठी फिरायची इच्छा नाही. घरी बसून नाव घातलेल्या भेटवस्तू करायच्या ठरवल्या आहेत. सुरुवात मगपासून, कारण त्याला एक प्रिंटर आणि मग तापवून दाबणारी एक छोटी प्रेस पुरते, आणि जागा बाल्कनीच्या कोपऱ्याएवढी.

आज मशीद बंदरला जाऊन माल बघायचा होता. पण मध्य रेल्वेचा ६३ तासांचा ब्लॉक चालू आहे, आपल्याच ठाण्याच्या ५ नंबर फलाटाचं रुंदीकरण. उद्या दुपारपर्यंत गाड्यांचं काही खरं नाही. म्हणून नौपाड्यातच फिरून आले, कोण काय विकतंय ते बघायला. फोटोचे मग करणारे गोखले रोडपासून स्टेशनपर्यंत पुष्कळ आहेत. फोटो सगळ्यांचे चांगले येतात. मराठी नाव आलं की मात्र घोटाळा. एका काचेत नमुन्यालाच ठेवलेल्या मगवर 'श्रध्दा' लिहिलेलं होतं. द ला ध जोडायचा, श्रद्धा. इथे ध ला द जोडलेला. जुन्या फाँटमध्ये कळ चुकीची दाबली की हे होतं आणि वर्षानुवर्षं चालत राहतं. त्या नावाची मुलगी तो मग रोज हातात घेणार. मी दुकानाबाहेर बराच वेळ उभी होते. आपण काय विकायचं ते तिथेच ठरलं.

५ जून, बुधवार

खरेदी झाली. हे अर्धा दिवस रजा टाकून बरोबर आले. मशीदला उतरून चालत अब्दुल रहमान स्ट्रीट. साधा चिनी मातीचा मग ह्या कामाला चालत नाही, त्यावर पॉलिमरचा थर असावा लागतो. शाई तापल्यावर वितळत नाही, तिची थेट वाफ होते आणि ती वाफ त्या थरात शिरून बसते, म्हणून नखाने खरवडलं तरी निघत नाही. दुकानदाराने मग उजेडात तिरका धरून चमक सगळीकडे सारखी आहे का ते बघायला शिकवलं. पन्नासचा आणि बहात्तरचा असे दोन प्रकार होते. बहात्तरचे घेतले, ३६ नग.

खर्च: चार रंगांचा इंक टँक प्रिंटर १३,५००, सब्लिमेशनची (ही वाफ होणारी) शाई १,८००, मग प्रेस ४,२००, मग २,५९२, कागद ३५०, उष्णतेला टिकणारी टेप १६०. एकूण २२,६०२. प्रिंटरमध्ये पहिल्या दिवसापासून हीच शाई घालायची, साधी एकदा घातली की नळ्या धुवत बसावं लागतं.

मगांचं खोकं ह्यांनी खांद्यावरून दोन मजले चढवलं. पैशांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. आई (सासूबाई) म्हणाल्या, "मशीन देवघराकडे तोंड करून ठेव."

८ जून, शनिवार

पाच मग चाचणीत गेले. छपाई उलटी काढायची असते, आरशातल्यासारखी. पहिला कागद सरळच काढला, मगवर लेकीचं नाव उलटं उमटलं. दुसरा १७० अंशांवर, फिका. तिसरा १८० ला तीन मिनिटं, पण टेप सैल होती, कागद हलला आणि अक्षराला सावली आली. चौथा १९५ ला, काळा रंग तपकिरी झाला. पाचवा १८० ला पावणेतीन मिनिटं, टेप ताणून, चारही कडा दाबून. हा जमला. कानाजवळ मात्र प्रेसची पकड पोचत नाही, तिथे रंग विरतो. म्हणून दोन्ही बाजूंनी दोन बोटं जागा सोडायची.

पांढरी शाई नसतेच. पांढरं जे दिसतं तो मगचा रंग. पत्रिकेत मी सोनेरीवर पांढरं नाव घालायची, ती सवय सोडावी लागेल.

लेकीने पाचवा मग स्वतःला ठेवला. उलट्या नावाचा आई घेऊन गेल्या, त्यात त्यांनी कढीपत्त्याची काडी लावली आहे.

१९ जून, बुधवार

९ तारखेला पाऊस आला आणि मगांवर ठिपके यायला लागले. दोन दिवस शाईला दोष दिला. दोष कागदाचा. हवेतला ओलावा कागद पितो, प्रेसमध्ये त्याची वाफ होते आणि ती रंगाला ढकलते. आता कागद पोह्यांच्या मोठ्या हवाबंद डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. छापून झालेला कागदही मगला गुंडाळायच्या आधी तापलेल्या प्रेसजवळ काही सेकंद धरते. ठिपके गेले. बाल्कनीची एक खिडकी पावसातही उघडी ठेवायची, वाफेचा वास घरात कोंडतो आणि आईंना खोकला येतो.

८ जुलै, सोमवार

रात्रभर कोसळला. सकाळी मध्य रेल्वे ठप्प, लेक कॉलेजला गेली नाही. दादरला द्यायचे चार मग घरातच. ज्यांचा वाढदिवस त्यांना फोन करून सांगितलं, त्यांच्याही इमारतीत पाणी होतं.

ह्या आठवड्यातला मोठा फटका वेगळा. पुण्याला पाठवलेल्या सहा मगांपैकी चार फुटले. कुरियरवाल्यांनी हात वर केले. पॅकिंग माझंच कच्चं होतं हे मला मान्य आहे, पण खोकं एका बाजूने पूर्ण दबलेलं फोटोत दिसतंय, त्यावर एक शब्द नाही. चारही परत करून दिले. आज पॅकिंग बदललं: मग बबल रॅपमध्ये, मगच्या आत चुरगळलेला कागद, छोटं खोकं, ते पुन्हा मोठ्या खोक्यात, मध्ये चारही बाजूंना बोटभर कागदाचे गोळे. ते खोकं कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर तीनदा टाकून बघितलं. आई दचकल्या. मग शाबूत.

२७ जुलै, शनिवार

हिशेब मांडला आणि वाईट वाटलं. एका मगला: कोरा मग ७२, कागद आणि शाई ६, टेप आणि वीज ४, खोकं १६, बिघडलेल्यांचा वाटा ८. झाले १०६. विकते २५० ला. हातात १४४ राहतात म्हणून मी खूश होते. मग लेकीने घड्याळ लावून वेळ मोजला. गिऱ्हाइकाशी बोलणं, नाव घेणं, मांडणी, प्रूफ (छापण्याआधीचा नमुना) पाठवणं, बदल, छपाई, प्रेस, पॅकिंग, पोस्टात जाणं: एका सुट्या मगला १ तास ५० मिनिटं. म्हणजे तासाला साडेअठ्ठ्याहत्तर रुपये. छापखान्यात पगार १९,००० होता, दिवसाचे आठ तास, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर तासाला ९१ पडत होते.

भाव वाढवला. सुटा मग ३२०, दहाच्या वर २६०. बायका म्हणतात, "घरीच तर करता, भाडं थोडंच भरता." हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येणार. घरी करते म्हणून वेळ फुकट कसा होतो? स्वयंपाकाचंही आजवर असंच झालं आहे. मी शांतपणे एवढंच सांगते की नाव बरोबर लिहायला वेळ लागतो आणि तो वेळ मी देते.

तीन जणींनी ऑर्डर मागे घेतली. दोघी थांबल्या.

१२ ऑगस्ट, सोमवार

राखीचे २२ मग. पुढच्या सोमवारी राखी. नावं जवळजवळ सगळी रोमनमध्ये येतात, फोनवर टाइप करायला सोपं म्हणून. इथे माझं खरं काम सुरू होतं. 'Rutuja' आलं तर ऋतुजा का रुतुजा? 'Mrunal' म्हणजे मृणाल का मृणाली, शेवटचं अक्षर राहिलं का? 'Sai' म्हणजे सई का साई? उत्तर विचारल्याशिवाय कळत नाही आणि विचारलं की बायकांना वाटतं, हिला मराठी येत नाही.

आडनावांत ऱ्ह आला की आणखी पंचाईत. कुऱ्हाडे लिहिताना र चा डोळ्याच्या पापणीसारखा आकार हवा. फोनवर ती कळ कुठे आहे ते पुष्कळांना माहीत नसतं, ते रफार देऊन 'कुर्हाडे' लिहितात. दिसायला थोडाच फरक, वाचताना मात्र ठेच लागते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडचा (फोनवर असतो तसा) मजकूर चिकटवला तर हाच र फुटून वेगळा पडतो, पहिली वेलांटी उडी मारून अक्षराच्या मागे जाते. सव्वीस वर्षं मी हीच फुटलेली अक्षरं जोडत होते.

फाँटबद्दल: मुंबईच्या 'एक टाइप' ह्या मंडळींचा मुक्त हा फाँट वापरते आहे. खुल्या परवान्याचा आहे, विकायच्या वस्तूवर वापरला तरी चालतो. ल आणि श मात्र प्रत्येक वेळी डोळ्यांनी तपासते. मराठीचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. शासनाच्या २००९ च्या निर्णयातही तसंच सांगितलं आहे. सॉफ्टवेअरमध्ये भाषा हिंदी राहिली तर 'शलाका' नावाची दोन्ही अक्षरं परकी दिसतात.

छापलेला कागद उलटा असतो, त्यामुळे चूक दिसत नाही. गुंडाळायच्या आधी ट्यूबलाइटसमोर धरून मागच्या बाजूने वाचायचा. लेक मोठ्याने वाचते, मी वहीतल्या नावावर खूण करते.

१७ ऑगस्ट, शनिवार

हे सविस्तर लिहून ठेवते.

नेरुळच्या एका ताईंची ऑर्डर होती, भावासाठी मग. नाव रोमनमध्ये, 'Hrushikesh'. मी विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही, कारण हे नाव मला पक्कं ठाऊक आहे: हृषीक म्हणजे इंद्रियं, त्यांचा ईश तो हृषीकेश. लोक ऋषिकेश लिहितात ते चुकतं, असं मी प्रेसमध्ये किती जणांना समजावलं असेल. छान मांडणी केली, ह ला ऋकार सुबक बसवला, षी ची वेलांटी गोल ठेवली. प्रूफ पाठवलं. त्या कामाच्या गडबडीत होत्या, अंगठा दाखवला. मग गेला.

काल संध्याकाळी फोन आला. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. म्हणाल्या, "ताई, अक्षर सुंदर आहे. पण हे आमच्या दादाचं नाव नाही. बाबांनी बारशाच्या दिवशी पाटीवर ऋषिकेश लिहिलं होतं, त्याचा फोटो आहे घरात. बाबा आता नाहीत. दादा तेच लिहितो, सहीसुद्धा."

मी काय बोलणार? शब्दकोश माझ्या बाजूने होता आणि मी चुकले होते. नाव ठेवणाऱ्याने जसं लिहिलं तसं ते नाव. भेट देणारी बहीण, घेणारा भाऊ, लिहिणारे वडील; ह्या तिघांत माझ्या व्याकरणाला जागाच नव्हती.

रात्री नवा केला. त्यांना म्हटलं, बारशाच्या पाटीचा फोटो पाठवता का? पाठवला. काळी पाटी, खडूने लिहिलेलं, ऋ जरा मोठा आणि तिरका, शेजारी कुंकवाचं स्वस्तिक. त्या अक्षरांची रेघ काढून जशीच्या तशी मगवर घेतली. आज सकाळी हे नेरुळला जाऊन देऊन आले, पैसे घेतले नाहीत.

२१ ऑगस्ट, बुधवार

नियम केला, भिंतीवर लावला. नाव देवनागरीतच घ्यायचं, शक्यतो कागदावर हाताने लिहून त्याचा फोटो. मग प्रूफ. अंगठा चालणार नाही. गिऱ्हाइकाने नाव पुन्हा टाइप करून "असंच छापा" लिहिल्यावरच प्रेस तापवायची.

एक दिवस वाढतो. काही जण कंटाळून दुसरीकडे जातात. जाऊ देत.

१५ सप्टेंबर, रविवार

गणपतीत मोदक, मूर्ती, श्लोक छापून मागणारे आले. मगवर देवाचं चित्र घेत नाही असं सांगितलं. तो मग उष्टा होतो, मोरीत पडतो. आईंना ते खपणार नाही आणि मलाही. कार्टूनची चित्रंही नाही म्हटलं, ती कोणाच्या तरी मालकीची असतात, परवानगीशिवाय छापून विकणं म्हणजे चोरी. मुलांच्या वाढदिवसाच्या तीन ऑर्डरी त्यात गेल्या.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. संध्याकाळी बातमी आली, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा. फोन लागोपाठ वाजले, "मगवर 'अभिजात मराठी' लिहून द्या". रात्री दहापर्यंत चौदा मग ठरले. पहिल्याच प्रूफमध्ये शासनाच्या बातमीची ओळ होती, तिच्यात सॉफ्टवेअरने हिंदी श टाकला होता. भाषा मराठी केली, तपासलं, पाठवलं. ह्या दिवशी तरी अक्षर आपलंच हवं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

चरईतून एक काका आले, सत्तरीचे असतील. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढली. त्यांच्या आईची पाककृतींची वही, ती गेल्याला तीस वर्षं झाली. चार भावंडं, चार गावांत. भाऊबीजेला सगळे ठाण्यात येणार आहेत. पुरणपोळीचं पान प्रत्येकाला एका एका मगवर हवं.

पान हातात घेतलं. रेघी कागद पिवळा पडलेला, निळी शाई कडांना पसरलेली, खाली उजवीकडे तेलाचा डाग आणि त्यात हळदीचं बोट. अक्षर उभं, घाईचं. डाळीचं माप "दोन वाट्या" लिहून खोडून "अडीच". शेवटच्या ओळीत "येलदोडे चार".

स्कॅन केलं आणि सवयीने साफ करायला घेतलं. डाग काढला, कागद पांढरा केला, अक्षर गडद. पडद्यावर बघितलं तर स्वच्छ, वाचायला सोपं आणि मेलेलं. ऑगस्टची नोंद आठवली. दोन्ही प्रूफं काकांना पाठवली. त्यांनी खाली लिहिलं: "डागाचं छापा. येलदोडेच ठेवा. ती येलदोडेच म्हणायची."

पिवळा कागद छापायला कठीण जातो, मग पांढरा असल्यामुळे पिवळ्याची कड कापल्यासारखी दिसते. कड चारही बाजूंनी हळूहळू विरवली, दोन मग त्यात गेले. हळदीचा रंग तिसऱ्या वेळी जुळला. चार मगांना पाच तास लागले. पैसे सांगायची वेळ आली तेव्हा जीभ अडत होती. मग तास मोजले आणि नीट सांगितले, मगला ४५०. काकांनी लगेच दिले. म्हणाले, "हे कमी आहेत."

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीत ६१ मग. बोटं भाजली, दोनदा प्रिंट हेड साफ केलं. कालच्या भाऊबीजेनंतर काकांचा फोन आला. सगळ्यात धाकट्या बहिणीने मग हातात घेऊन आधी डागावर बोट ठेवलं म्हणे.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान करून आलो. सुट्टी म्हणून करसल्ला देणारा मामेभाऊ घरी होता, त्याच्याकडे वही घेऊन बसले. घरून काम करणाऱ्या इतर बायकांनाही उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. मी त्याच्या आसपासही नाही. पण राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर ही सूट लागू होत नाही, नोंदणी करावी लागते. ऑनलाइन बाजाराच्या पोर्टलवर विकायचं तर १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला नोंदणीशिवाय, नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन, स्वतःच्या राज्यात विकता येतं. म्हणजे पुणे, नाशिक, रत्नागिरी बिनधास्त. बेळगावची एक ऑर्डर मात्र नाकारावी लागली. त्या मुलीला आजोबांचं नाव मोडी लिपीत हवं होतं, नाही म्हणताना फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी नोंदणीचा विचार नक्की.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) आधार क्रमांकावर होते, सरकारी संकेतस्थळावर, एक रुपयाही लागत नाही. मला एकाने दीड हजार मागितले होते. मामेभावाने चहा गार व्हायच्या आत करून दिली.

२८ डिसेंबर, शनिवार

मोठं काम आलं. घंटाळीकडच्या एका सोसायटीतल्या ताई, दरवर्षी संक्रांतीनंतर सगळ्या इमारतींचं मिळून हळदीकुंकू करतात. वाण म्हणून नाव घातलेलं काहीतरी हवं, ६४ जणींना. मग महाग पडतो आणि नेताना फुटतो. मी सॅटिनचे बटवे सुचवले. सब्लिमेशन सुती कापडावर बसत नाही, पॉलिएस्टर सॅटिनवर उत्तम बसतं. त्यासाठी सपाट हीट प्रेस हवी, ती जुनी ८,००० ला मिळाली. शिलाई खालच्या मजल्यावरच्या ताई करतील, बटव्याला १५ रुपये. कापड १४, नाडी ४, कागद-शाई ३. एकूण ३६. भाव ८० सांगितला, मान्य झाला.

मग घंटाळीच्या ताई म्हणाल्या, "फक्त नाव लिहायचं. सौ. नको, श्रीमती नको, आडनावही नको." यादीत नऊ जणी अशा आहेत, ज्यांना आजवर हळदीकुंकवाला कोणी बोलावत नव्हतं. ह्या वर्षी बोलवायचं ठरलं आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, ते त्यांनी तेव्हाच मनात धरलं होतं. सोसायटीत दोन वर्षं बोलत होत्या. ६४ बटवे एकसारखे दिसले पाहिजेत, कोणाच्या बटव्यावरून काही कळता कामा नये, एवढीच अट.

मी प्रेसमध्ये हजारो पत्रिकांवर सौ. आणि श्रीमती जुळवले. नावाआधीची ती दोन अक्षरं कोणाला दाराबाहेर ठेवतात हे मी कधी थांबून बघितलं नव्हतं.

१९ जानेवारी २०२५, रविवार

नियमाप्रमाणे ६४ चिठ्ठ्या आल्या, प्रत्येकीच्या हातच्या. काही वहीच्या कोपऱ्यावर, एक औषधाच्या पाकिटावर. एकीने नाव लिहून कंसात "दीर्घ वेलांटी नक्की" असं लिहिलं होतं. तिच्याबद्दल मला आदर वाटला.

चिठ्ठ्या इमारतीप्रमाणे लावायला आई बसल्या होत्या. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून संक्रांतीत त्या आतल्या खोलीत जपमाळ घेऊन बसतात, मी कितीही म्हटलं तरी. आज चिठ्ठ्या वाचून झाल्यावर विचारलं, "ह्यात त्या नऊ कुठल्या?" मी म्हटलं, "मलाही माहीत नाही आई, सांगितलेलंच नाही." त्यांनी पुन्हा एकदा सगळ्या चाळल्या.

मी म्हटलं, "तुमचाही एक करते. सुनंदा लिहू?"

त्या गप्प. मग कोरा कागद ओढला, माझं पेन घेतलं आणि लिहिलं: कुसुम.

माहेरचं नाव. लग्नात तांदळाच्या ताटात सुनंदा लिहिलं गेलं आणि रेशनकार्डापासून सगळीकडे तेच झालं. त्यांचे भाऊ होते तोवर "कुशे" म्हणून हाक मारायचे. ते गेल्यापासून ह्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही.

मी नियमाप्रमाणे प्रूफ काढलं आणि दाखवलं. चष्मा लावून बघितलं. "स चा उकार लांब गेलाय. जवळ घे." खरोखरच लांब गेला होता. जवळ घेतला. मग त्यांनी खाली स्वतः लिहिलं, "असंच छापा".

४ फेब्रुवारी, मंगळवार, रथसप्तमी

बटवे शनिवारी पोचवले, तीन जादा धरून ६७ केले होते. माल २,४१२, आले ५,१२०, उरले २,७०८. तास २१ लागले, तासाला १२९ पडले. त्यात नावं तपासण्याचेच सहा तास आहेत. ते कमी करणार नाही.

आठ महिन्यांचा एकूण हिशेब: विक्री ७१,४००. माल, पॅकिंग, फुटतूट ३३,९००. उरले ३७,५००. त्यातून दोन्ही प्रेस, प्रिंटर आणि पहिली शाई मिळून २७,५०० वजा. हातात १०,०००. नोकरीची जागा भरून निघालेली नाही, ते हे आणि मी दोघंही जाणतो. पण मशिनं फिटली आणि भाव आता बरोबर लागतो. मार्चमध्ये एका शाळेचे निरोपाचे ४० मग आहेत, नावं मुलांनी फळ्यावर लिहून फोटो पाठवणार आहेत.

घंटाळीच्या ताईंनी आईंनाही हळदीकुंकवाचं बोलावणं पाठवलं होतं. आज संध्याकाळी माझ्याबरोबर आल्या, हिरवट काठाची साडी नेसून. परत आल्यावर बटवा देवघराच्या कडीला अडकवला. त्यात सकाळच्या गोळ्या आणि ती चिठ्ठी.

मॅजेंटा शाई संपत आली आहे, उद्या मागवायची. सकाळी आधी नोझल चेक.